अक्काच्या वजनाची गाडी

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो. कोणत्या कंपनीची, असं मात्र विचारू नका. माझे पाय फियाटचे, स्टिअरिंग अँबॅसिडरचं, आणि बाकीचं अंग निलंग्याच्या संगप्पा मेकॅनिकने पत्रा ठोकून ठोकून घडवलेलं. आता मी त्याच्या शेडमागे लिंबाच्या झाडाखाली उभी असते. टायरांत हवा नाही. मागच्या सीटवर एक कोंबडी अंडी घालते. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. कुणीतरी माझ्यात बसतं, एवढं पुरे.

संगप्पाला आई आठवत नव्हती. त्याला वाढवलं थोरल्या बहिणीने, मल्लम्माने. नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि भावाची आई होऊन राहिली. सारं घर तिला अक्का म्हणे, आणि ती धाकट्या भावाला तम्मा. जन्मभर डोक्यावर घागरी वाहून तिचे गुडघे गेले होते. एसटीची पायरी चढवत नसे. मनात एकच ओढ होती, लातूरच्या सिद्धेश्वराची यात्रा.

"माझ्या गाडीत नेतो तुला," संगप्पा म्हणाला.

"कुठाय रे गाडी?"

गाडी नव्हतीच. म्हणून त्याने ती केली. माझं पुढचं डावं सीट त्याने मुद्दाम खाली बसवलं. अक्काने पाय उचलायचा नाही, नुसतं टेकायचं.

पण मित्रांनो, माझ्यात एक खोड होती. सपाट रस्त्यावर मी शहाण्या सुनेसारखी चाले. चाक खड्ड्यात उतरलं किंवा उंचवट्यावर उचललं की स्टिअरिंग सरळ असतानाही मी आपोआप वळे. पहिल्याच फेरीला गावाबाहेरच्या ओढ्यावरच्या मोरीवर मी थेट बाभळीकडे निघाले. समोरून किराणावाले गुरुपादप्पा येत होते.

"काय संगप्पा, गाडी हाय का म्हस? चरायला निघाली की!"

अक्काने कपाळावरचा घाम पदराने पुसला. "तम्मा, खरं सांग. तू हिला चालवतोस का ही तुला?"

गुरुपादप्पांनी सांगितलं म्हणून लिंबू-मिरची बांधली. लिंबू वाळून गेलं, माझी खोड काही गेली नाही.

दोष दृष्टीचा नव्हता. पाळण्याच्या दोऱ्या लहानमोठ्या असल्या, तर झोका देताच पाळणा तिरका होतो ना? तसं होतं ते. चाक ज्या लोखंडी हातावर वर-खाली होतं तो फियाटच्या घरचा, चाक वळवणारा दांडा अँबॅसिडरच्या घरचा. दोघे आपापल्या घरी गुणाचेच. पण एकाचा झोका मोठा, दुसऱ्याचा लहान. मग दांडा चाकाला उगीच ओढी. उपाय होता, दांड्याचं बूड पट्टी घालून उचलायचं, म्हणजे दोघांचे झोके जुळतील.

पट्टी किती जाड, ते पाहायला संगप्पा मला जॅकवर घेऊन हलवू लागला. तोच अक्का ओरडली, "थांब! रिकामा पाळणा हलवू नये!"

"पाळणा न्हाई अक्का, मोटार हाय."

"बसायची वस्तू हाय ना? मग रिकामी हलवू नये." आणि ती येऊन सीटवर टेकली. संगप्पाने जॅक उतरवला, तशी मी डावीकडे चांगलीच दबले.

"अक्का, लई वजन हाय तुझं."

"तुझ्या लहानपणी तूच माझा घास ठेवायचा न्हाईस. आता भरून काढतेय."

संगप्पा हसला आणि ती बसलेली असताना चाक जिथे आलं तिथे माझ्या पत्र्यावर खडूने खूण केली. मग स्प्रिंग काढून, चाकाला फळी बांधून, त्या खुणेपासून चाक वर-खाली करून पाहिलं. फळी तिरकी व्हायची थांबेपर्यंत पट्ट्या बदलल्या. डावीकडे जाड पट्टी लागत होती. अक्काने चुलीमागचा तडकलेला तवा दिला. "काप हा. जन्मभर भाकरी भाजल्या त्यानं, थोडं ओझं उचलेल." तव्याचा तो तुकडा माझ्या पोटात बसला, आणि मी मोरीवरून अशी सरळ गेले की गुरुपादप्पांनी नमस्कार केला.

आम्ही यात्रेला गेलो. लातूर तेव्हा नवानवा जिल्हा झाला होता. अक्काने खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "आता ह्यो आपला जिल्हा म्हणायचा? बरं झालं, जवळ आला." माझ्या आयुष्यातला तो सोन्याचा दिवस.

जिल्हा जवळ आला, पण पाणी लांब गेलं. पुढच्या दुष्काळात आड आटले, विहिरींच्या तळाला भेगा पडल्या. मी घागरी घेऊन दूरच्या बोअरवर जाऊ लागले. अक्का सोबत यायचीच, रांगेतली भांडणं मिटवायला. त्याच उन्हाळ्यात तिला ऊन लागलं आणि दवाखान्यात ती गेली. घरात सगळ्यांना पाजून ती स्वतः कमी पाणी प्यायची, हे नंतर कळलं.

त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे तिला बसवूनच पुरायला नेलं. फुलांच्या मखरात, कपाळाला विभूती लावून. ती माझ्यासमोरून गेली, बसलेली, पण माझ्या सीटवर नाही.

त्यानंतर माझी खोड परत आली. अक्काच्या वजनाशी जुळवलेली मी, रिकाम्या सीटने हलकी झाले, आणि प्रत्येक खड्ड्याला बाजूला ओढू लागले. संगप्पाला कारण ठाऊक होतं. त्याने पट्टी काढली नाही. अक्काचं दळायचं जातं उचलून आणलं, तिच्या वाकळेत गुंडाळलं आणि सीटवर ठेवलं.

त्याची बायको नीलम्मा बघत राहिली. "अवो, जात्याला पुढचं सीट, आणि आम्ही मायलेकी मागं?"

"अक्काच्या मापाची गाडी हाय. उकलणार न्हाई मी."

ती लेकीला घेऊन मागे बसली. घरात दुःख एकाचंच नव्हतं, पण त्याचं सगळ्यांत मोठ्याने बोलत होतं.

एकदा भरल्या घागरी घेऊन परतताना मोरीवर मी उसळले. वाकळ सरकली आणि जात्याची वरची तळी संगप्पाच्या पायांत आली. ब्रेक दाबलाच गेला नाही. मी कोरड्या ओढ्यात उतरले. घागरी उलटल्या, वाळूने पाणी एका घोटात पिऊन टाकलं. मागे बसलेली त्यांची लहानगी लेक रुद्राणी पुढच्या सीटच्या दांडीवर आपटली. कपाळातून रक्त येऊ लागलं.

नीलम्माने पदर फाडून जखम बांधली. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "अक्का असती तर पोरीला मांडीवर घेऊन पुढं बसली असती."

संगप्पा वाळूत बसला आणि पहिल्यांदा रडला. अक्का गेली तेव्हा दवाखान्यातही तो रडला नव्हता.

रुद्राणी वाचली. कपाळावर खूण राहिली. टाके निघाले त्या सकाळी संगप्पाने जातं उचलून घरात नेलं आणि जागच्या जागी मांडलं. मग तो माझ्याजवळ आला. मला जॅकवर घेतलं. हात थांबले.

"हलवा," दारातून नीलम्मा म्हणाली. "म्या काही म्हणणार न्हाई."

आणि मित्रांनो, त्याने रिकामा पाळणा हलवला. आधी रिकाम्या सीटने माप घेतलं, मग मायलेकींना बसवून. दोन्हींत चाक सरळ राहील अशी पातळ पट्टी घातली. तव्याचा तुकडा निघाला. तो हातात घेऊन संगप्पा उभा राहिला. कुठे ठेवावा, त्याला कळेना.

नीलम्माने तो घेतला. स्वयंपाकघरात घडवंचीचा एक पाय तोकडा होता, घागर कलायची, थेंब थेंब सांडायचे. तुकडा त्या पायाखाली बरोबर बसला.

"आता सांडणार न्हाई," ती म्हणाली.

मी पुढे पुष्कळ वर्षं सरळ चालले. पण खरं सांगू? मोरी आली की माझी डावी बाजू अजून दबायला बघायची. कुणी नसायचं.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंची काळजी घ्या, हे तर मी सांगणारच. तेल द्या, नट आवळा. पण आणखी एक ऐका. माणूस सीटवरून उठून गेलं, की गाडी मागे राहिलेल्यांच्या वजनाला जुळवून घ्या. दुखलं तरी घ्या. आणि निघालेली पट्टी भंगारात टाकू नका. घरात कुठेतरी एक पाय तोकडा असतोच.