शिवलेला खिसा

"आठी घाला बघू. रागावल्यासारखी," हातात सुई धरून ट्वायला म्हणाली.

"कुणावर रागावू?" खुर्चीत रेललेल्या नेडीनबाईंनी विचारलं.

"नवऱ्यावर."

"अर्लला जाऊन सहा वर्षं झाली, पोरी."

"मग जावयावर."

आठी अशी झटकन पडली की ट्वायलाला हसू आवरेना. पण हसताना हात हलू द्यायची आज सोय नव्हती. कपाळावरच्या सुरकुत्या घालवणारी ही सुई नर्स म्हणून तिच्या हातची पहिलीच होती. सकाळपासून तिने छातीवरची नावाची पट्टी चारदा काढून पुन्हा लावली होती. नावाखाली 'नर्स' हा शब्द सरळ दिसायला हवा ना!

अकरा वर्षं ती अमेरिकेतल्या टल्सा शहरातल्या या त्वचा-दवाखान्यात फेशियल करत आली होती. चेहरे चोळायचे, वाफ द्यायची, बक्षिशी घ्यायची. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. पण रिवाज पक्का होता. फेशियलवालीला बक्षिशी द्यायची, सुई देणाऱ्या नर्सला नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी ती परीक्षा पास झाली तेव्हा सगळ्यांनी पगार विचारला. ट्वायलाला मात्र वेगळीच घाई होती. कधी एकदा कुणी बक्षिशी न देता उठून जातंय, असं तिला झालं होतं.

धास्ती होती ती नेडीनबाईंची. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढलेली ही बाई वीस डॉलरची नोट दुमडून दुमडून पोस्टाच्या तिकिटाएवढी करायची आणि स्वतःच्या हाताने ट्वायलाच्या खिशात कोंबायची. म्हणून ट्वायलाने रविवारी नव्या निळ्या गणवेशाचा खिसाच शिवून टाकला होता.

सुया टोचून झाल्या. नेडीनबाई उठल्या आणि नोट धरलेला त्यांचा हात ट्वायलाच्या खिशाकडे निघालाच. बोटं खिशावर चाचपडली, घसरली.

"अगं, फाटका खिसा शिवतात. हा तर धडधाकट होता!"

"नर्सला घेता येत नाही, नेडीनबाई."

"का? माझी नोट खोटी आहे? नातीच्या लग्नात माझा फोटो चांगला येणार तो तुझ्यामुळे. घे मुकाट्यानं."

"अर्लच्या आजारपणात ती उंच नर्स होती. तिच्या खिशात कोंबली होतीत?"

"तिला कशी देणार? ती नर्स होती."

बोलून गेल्या आणि थबकल्या. त्यांनी ट्वायलाच्या छातीवरची पट्टी ओठ हलवत वाचली. मग पुन्हा खुर्चीत बसल्या आणि बाही वर सारली.

"मग हे बघ."

दंडाच्या मागे काळपट तीळ होता, एका कडेने पसरलेला. इतकी वर्षं ट्वायलाने चेहराच पाहिला होता; दंड कायम टॉवेलखाली असायचे.

"मार्चपासून आहे. लेकीला बोलले नाही. लग्न तोंडावर आलंय ना."

ट्वायलाने दिवा जवळ ओढला, मोजपट्टीने तीळ मोजला.

"वाईट आहे का गं?"

"ते डॉक्टर बघून सांगतील. आत्ताच बोलावते. मी इथेच आहे."

तिने भिंतीवरचं बटण दाबलं. नेडीनबाईंनी मूठ उघडली. नोटेची एकेक घडी उलगडून ती गुडघ्यावर ठेवली आणि दारात पावलं वाजेपर्यंत त्या तळहाताने ती सपाट करत राहिल्या.