शिजलेल्याची बादली

तुयेतचं बिंग फुटलं तर शेजारच्या स्यू-मानच्या पदरात बरंच काही पडणार होतं. तुयेतचा नवरा जुन-हाँग उत्तरेकडे कारखान्यात असे. "आईचे हाल दिसले तर कळवा मावशी, त्याच दिवशी बायकोला व्हिएतनामला परत धाडतो," असं तो सांगून गेला होता. एका फोनवर तो जन्माचा मिंधा झाला असता. शिवाय सतत बरोबरी करणाऱ्या फळवाल्या फांगबाईचं तोंड बंद, आणि 'नजर असावी तर स्यू-मानसारखी' हे गल्लीत कायमचं ठरलं असतं. जाणार होतं ते फक्त दुसऱ्याचं. असा सौदा पिंगतुंगच्या त्या गल्लीत रोज येत नसे.

पुरावा बादलीत होता. साडेचारला कचऱ्याची गाडी धून वाजवत यायची; बायका त्याआधीच कोपऱ्यावर हजर. कच्च्या सालींची बादली खतासाठी, शिजलेल्याची डुकरांसाठी. कुणाची चूल कशी चाललीय ते शिजलेल्याची बादली सांगायची. तुयेतच्या बादलीत पंधरा दिवस भाताचा ढीग, अख्खा मासा, दातही न लागलेलं मटण.

"सासू वाळून काडी झालीय, आणि ही डुकरं पोसतेय," फांगबाई म्हणाली. तुयेत चार हातांवर उभी होती.

"हळू बोल गं," एकजण म्हणाली.

"तिला काय कळतंय!" स्यू-मान म्हणाली. "भाव पाडून घ्यायचा असला की तेवढी भाषा येते."

बायका हसल्या. तुयेतही हसली. ते हसू स्यू-मानला फारच संशयास्पद वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बांबूचे कोंब द्यायचं निमित्त काढून ती तुयेतच्या सासूच्या, लिआओ आजींच्या, घरात शिरली. टेबलावर सहा वाट्या वाफाळत होत्या, आजी कढईपाशी घामाघूम.

"बस गं. भात कापून माणसं येतीलच एवढ्यात."

शेत विकून वीस वर्षं झाली होती; आजींचा नवरा त्याआधीच गेला होता. स्यू-मानने तुयेतकडे पाहिलं. ती मासा खात होती, गिळवत नव्हता तरी. "फक्कड झालाय, आई."

आजी समाधानाने आत आडव्या झाल्या. तुयेतने भराभर वाट्या बादलीत उलट्या केल्या.

"सापडलीस!"

"सकाळपासूनचा तिसरा स्वयंपाक आहे, मावशी. वाट्या भरलेल्या दिसल्या की रडतात, कुणी आलंच नाही म्हणून."

"आणि त्या का वाळल्या?"

"माणसं जेवल्याशिवाय घास घेत नाहीत, मग विसरतात. मी भरवते, जाईल तेवढं."

"मग तोंड उघडून सांगायचंस की आम्हाला."

"कोपऱ्यावर? आज माझं बोलता, उद्या त्यांचं बोलला असता." तुयेतने बादलीवर झाकण ठेवलं. "मला सगळं कळतं, मावशी. पहिल्या वर्षापासून."

स्यू-मानचे कान तापले. तरी मन म्हणालंच, कशावरून खरं बोलतेय? तेवढ्यात आतून आवाज आला.

"जेवली ना गं सगळी?"

"जेवली, आई."

"जुन-हाँगचे बाबा?"

"दोनदा भात मागितला."

स्यू-मान रिकाम्या वाट्या गोळा करू लागली. म्हणाली, "नवऱ्याला रविवारी बोलाव. डॉक्टरला दाखवा. सांगायचं तूच; मी शेजारी बसेन."

आता संशयाची पाळी तुयेतची. "बदल्यात काय हवंय?"

"विचारलंस ते रास्तच आहे," स्यू-मान म्हणाली. "उद्यापासून एक वाटी माझी, मी येऊन खाईन. ती टाकू नकोस."

साडेचारला बायकांनी स्यू-मानला गराडा घातला. "काय सापडलं?"

एवढी चविष्ट बातमी तिच्या जिभेवर आजवर आली नव्हती. ती तिने गिळली. "ते अन्न माझंच. मीच पाठवते रोज. खारट होतं, घशाखाली उतरत नाही त्यांच्या."

"मग इतके दिवस आमच्यात उभी राहून तिला बोलत होतीस?"

"लाज वाटली."

हसण्याचा स्फोट झाला. "तरी पोरगी तोंडातून शब्द काढत नाही, बिचारी!" कुणीतरी म्हणालं. तुयेतचा उल्लेख 'बिचारी' असा त्या कोपऱ्यावर पहिल्यांदाच झाला.

जुन-हाँग रविवारी आला, रडला, आणि आता महिन्यातून दोनदा येतो. तुयेतचं घर शाबूत राहिलं. आजींची माणसं रोज पोटभर जेवून जातात. किंमत मोजली ती स्यू-मानने. देवळाच्या जेवणावळीचा मासा चाळीस वर्षं तिच्या हातचा असायचा. यंदा तो फांगबाईकडे गेला, आणि स्यू-मानला पालेभाजी निवडायला बसवलं, मिठापासून लांब.