गच्चीवरची कॉफी आणि पलीकडचा टॉवर

मित्रांनो, मी जुना मोबाइल आहे हे माझं तोंड पाहूनच तुम्हाला कळेल. काचेला तडा गेलाय, पाठीला चिकटपट्टी आहे आणि दुपार झाली की माझा जीव संपतो, मग मला वायरीला टांगावं लागतं. पण हसू नका हं! मी एका बाईला रोज सकाळी परदेशात नेऊन आणत होतो आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. भावंडं ढिगाने होती आणि सगळ्यांचे चेहरे एकसारखे. पुढे मला पांदेलिसने विकत घेतलं. तो जहाजावर इंजिनियर. त्याच्या खिशात बसून मी पुष्कळ बंदरं पाहिली. त्याने नवा फोन घेतला तेव्हा मला पुसून-बिसून आपल्या आईला दिलं. आई म्हणजे एवदोकिया. ती राहते ग्रीसच्या सामोस बेटाच्या पूर्व टोकाला, एका लहानशा गावात. समोर समुद्राची चिंचोळी पट्टी आणि पलीकडे तुर्कस्तानचे डोंगर. वारा पडला की तिकडचा कोंबडा इकडे ऐकू येतो.

"हे मला कशाला रे? मला काही ह्यातलं कळत नाही," असं म्हणत तिने मला दोन बोटांत धरलं. मग पांदेलिसने पडद्यावर तिची धाकटी बहीण दाखवली. कालिरोई लग्न करून विशीतच मेलबर्नला गेलेली. इतकी वर्षं दोघींनी एकमेकींचा नुसता आवाज ऐकला होता.

"अगं बाई, किती म्हातारी झालीस तू!" एवदोकिया ओरडली.

"आणि तू काय नवरी दिसतेस होय?" कालिरोई म्हणाली. मग दोघी रडल्या, मग हसल्या, आणि त्या दिवसापासून मी घरातला लाडका झालो. माझ्यासाठी क्रोशाचं झबलं विणलं गेलं. पांदेलिस परत जहाजावर जाण्यापूर्वी कंपनीशी ठरवून गेला, की महिन्याला नेमके पैसे भरायचे आणि आईने हवं तेवढं बोलायचं.

त्यांची रोजची एक ठरलेली गंमत होती. इथे सकाळ, तिथे संध्याकाळ. दोघी आपापल्या घरी कॉफी उकळायच्या, घोट घोट प्यायच्या, आणि तळाशी गाळ उरला की एवदोकिया कप बशीत पालथा घालायची. थोड्या वेळाने तो उचलून माझ्या डोळ्यासमोर धरायची. गाळाच्या नक्षीत पुढचं काय दिसतं ते सांगायची विद्या कालिरोईला आईकडून मिळाली होती. एवदोकियाला त्यातलं काडीचंही जमत नसे.

पण स्वयंपाकघरात उजेड कमी. "काही दिसत नाही गं, नुसतं काळं," कालिरोई कुरकुरली. म्हणून एवदोकिया मला घेऊन गच्चीवर गेली. पूर्वेची गच्ची, समोर समुद्र, सकाळचं लख्ख ऊन. "हां, आता बघ!" त्या दिवसापासून कॉफी गच्चीवरच.

आता माझी बाजू ऐका. ज्याची हाक मोठी, त्याला ओ द्यायची हा माझा स्वभाव. आमच्या गावचा टॉवर टेकडीच्या मागे, आणि तुर्कस्तानचा समोर, उघड्यावर. गच्चीत पाऊल टाकलं की मला तोच ऐकू यायचा. मी लगेच पडद्यावर लिहायचो, 'तुर्कस्तानात आपलं स्वागत आहे.' पण ह्या किनाऱ्यावर असला निरोप कोण वाचतो? कपडे वाळत घालायला गेलं तरी येतो, मासे पकडायला गेलं तरी येतो. एवदोकिया माशी हाकलावी तसा तो बाजूला सारायची. एकदा तर मी मोठी चौकट आणली, की बाई, मर्यादा संपली, पुढे जादा पैसे पडतील, चालू ठेवायचं का? नेमकी तेव्हा कालिरोई सांगत होती, "थांब थांब, एक पत्र दिसतंय तुला येणारं!"

"मेलं मध्येच काय आलं हे," म्हणत एवदोकियाने 'हो' दाबलं.

आणि पत्र आलं की! महिनाअखेर आलेलं ते बिल होतं. एवदोकियाने चष्मा लावून वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं. तिची अख्खी पेन्शन त्यात गेली असती. कोपऱ्यावर लिहिलेलं 'परदेशातील वापर' वाचून ती एकटीच बोलली, "परदेश? मी तर ह्या गच्चीतून हलले नाही!"

तिने पांदेलिसला कळवलं नाही. तो समुद्रावर, त्याच्या जिवाला उगाच घोर. बहिणीला तर मुळीच सांगितलं नाही, कारण ती लगेच पैसे पाठवेल आणि एवदोकियाने आयुष्यात कुणाचे पैसे घेतले नव्हते. तिने मला बंद केलं, झबल्यासकट टेबलक्लॉथच्या कप्प्यात ठेवलं आणि कप्पा सारला. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. बाहेर ती कॉफी उकळायची ते मला वासावरून कळायचं. मग भांडं विसळल्याचा आवाज. बोलण्याचा आवाज मात्र नाही. त्या बाईचं दिवसभरातलं सगळं बोलणं मीच तर होतो.

तिकडे कालिरोईच्या जिवाचं पाणी झालं. शेवटी तिने गावातल्या कॉफीघराला फोन लावला. त्यांच्या तरुणपणी गावात तेवढा एकच फोन होता आणि त्याचा नंबर तिला अजून पाठ होता. कॉफीघराचा मालक थ्रासोस धावत आला आणि त्याचा बाप मारायचा तशीच हाक त्याने रस्त्यावरून मारली, "मावशी! फोन आलाय! ऑस्ट्रेलिया!"

एवदोकिया गेली. जाताना का कोण जाणे, तिने मला कप्प्यातून काढून खिशात टाकलं. कॉफीघर म्हणजे पुरुषांची जागा. तिच्या वयाच्या बाया तिथे फक्त फोन घ्यायला जात, तेही उभ्यानेच. ती दाराशी उभी राहिली.

"मेलीस की काय असं वाटलं मला!" कालिरोईचा आवाज साऱ्या कॉफीघराला ऐकू गेला. मग एवदोकियाचा बांध फुटला. तिने बिलाचं सगळं सांगितलं.

"एवढंच ना? मी पाठवते पैसे."

"एक पैसा पाठवलास तर तोंड बघणार नाही तुझं!"

"आत्ता तरी कुठे बघतेयस?" कालिरोई म्हणाली.

थ्रासोसने हात पुढे केला. "मावशी, फोन बघू." त्याने मला चालू केलं, इकडेतिकडे बोट फिरवलं आणि मोठ्याने हसला. "अगं, तू रोज तुर्कस्तानात जाऊन कॉफी पीत होतीस!"

"मेल्या, माझ्याच गच्चीत बसून?"

"तुझ्याच गच्चीत बसून! मी परदेशी टॉवर धरायचं बटण बंद केलंय बघ. आता हा तिकडे जायचा नाही. बिलाचे हप्ते मागून घेऊ, मी येतो बरोबर. आणि इथे माझं वायफाय आहे, फुकट. बस इथे आणि बोल बहिणीशी."

"इथे? पुरुषांत?"

सगळे पत्ते खेळायचे थांबले. म्हातारा अनेस्तिस खिडकीजवळच्या टेबलावर बसायचा, ती जागा तो कुणाच्या बापाला देत नसे. तो उठला. "बस गं. नाहीतरी इथे कपातलं भविष्य सांगायला कुणी नाहीच."

एवदोकिया बसली. पाठ ताठ, पर्स मांडीवर. थ्रासोसने कॉफी आणली. मी साखरेच्या डब्याला टेकून उभा राहिलो आणि पडद्यावर कालिरोई आली. कॉफी संपली, कप पालथा पडला, मग एवदोकियाने तो माझ्यासमोर धरला. अनेस्तिसपासून सगळे माना लांब करून बघत होते.

कालिरोईने मान इकडून तिकडे वाकडी केली.

"काय दिसतंय? उजेड कमी आहे का?"

"खरं सांगू? गच्चीवर इतकं ऊन असायचं, की कप मला कधी दिसलाच नाही. मी मनाने काहीबाही सांगायचे."

"मग इतके दिवस बघत काय होतीस?"

"तुला गं," कालिरोई म्हणाली. "ठेव तो कप खाली. मध्ये येतोय."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्याचं एवढंच मागणं आहे. बोलायला लागण्याआधी माझ्या कोपऱ्यात कुठल्या टॉवरचं नाव आहे ते एकदा बघत जा. मी ते रोज लिहितो, अगदी इमानाने. आणि पैशाची चूक झालीच तर झाली म्हणा, कुणाला तरी सांगा. पण लाजेपायी मला कप्प्यात बंद करू नका. तिथे मी एकटा बंद होत नाही हो.