विहिरीकाठचे दोन वेल

माघ सरत आला होता, तरी त्या सकाळी कुंडलच्या शिवारावर धुके असे दाटले होते की द्राक्षबागेचा पलीकडचा बांध दिसेना. पानापानावरून दव ठिबकत होते. लष्करातून निवृत्त होऊन काळ्या मातीच्या सेवेत रमलेले सुभेदार हंबीरराव मांडवाखाली उभे राहून टपोऱ्या घडांकडे वात्सल्याने पाहत होते. परदेशी धाडायचा माल तोडण्यापूर्वी पहिले घड भैरोबाच्या चरणी वाहायचे, गाभाऱ्यात त्यांची आरास करायची आणि आरतीनंतर तीच द्राक्षे प्रसाद म्हणून वाटायची, हा त्यांच्या घराण्याचा नेम होता. पत्नी शालूबाई आणि गरोदर सून पल्लवी पहाटेच द्राक्षांचे क्रेट घेऊन देवळात गेल्या होत्या.

इतक्यात मुलगा जयराज धावत आला.

"आबा, घात झाला! तपासनीला धाडल्याला नमुना नापास झाला. आपला माल हॉलंडला जायाचा न्हाई."

"आरं, पर का?"

"आभाळ आलं, वेलावर भुरीचा रोग पडला, तवा उशिरानं औषिद मारलं न्हवं का? त्ये मण्यात उतरलंय. तिकडच्या मानसास्नी चालत न्हाई म्हनं."

"मग आता बागंचं काय?"

"व्यापारी टेंपो घिऊन आलाय. हितल्या बाजाराला समदं चालतंय. फकस्त बोभाटा व्हायला नगं, न्हाईतर त्यो बी माघारी फिरंल."

हंबीररावांनी देवळाच्या दिशेला पाहिले. "आन् देवाला गेल्यालं?"

जयराज मान खाली घालून म्हणाला, "त्ये बी ह्याच बागंचं."

हंबीरराव देवळाकडे निघाले. विहिरीपाशी त्यांची पावले अडखळली. तिथे दोन वेल होते. त्यांच्यावर कधीच फवारा पडत नसे, कारण त्यांची द्राक्षे घरात खायची. गावातल्या प्रत्येक बागायतदाराचे असे वेल होते. आपण ते का राखतो, असा प्रश्न आजवर त्यांच्या मनाला शिवला नव्हता.

देवळात आरती आटोपली होती. समईच्या प्रकाशात सोनेरी घडांनी मढलेला गाभारा साक्षात वैभवासारखा झळकत होता. हातात प्रसाद तसाच धरून पायरीवर बसलेला शेजारचा बागायतदार राजवर्धन हसून म्हणाला, "काय सुबेदार, यंदा गोऱ्या सायबाच्या ताटात जानार म्हनं तुमची द्राक्षं!"

"तू का खाईनास रं?"

"आमाला हायती की घरच्या वेलाची!"

हंबीररावांनी सभोवार पाहिले. गावकरी प्रसाद घेत होते, कपाळाला लावत होते आणि पदराच्या टोकाला बांधत होते. एकाचेही तोंड हलत नव्हते. पल्लवीची मूठ घट्ट मिटलेली होती. खात होती ती फक्त मंडपाच्या कडेला बसलेली, जतकडून ऊसतोडीला आलेली माणसे. हरणाबाई नावाची तोडकरीण पल्लवीइतकीच अवघडलेली होती. तिची पोरे बोटे चाटत होती.

"खा गं, पोटभर खा," शालूबाई तिच्या ओंजळीत आणखी एक घड ठेवत होत्या. "परदेशी माल हाय!"

मागून आलेल्या जयराजने वडिलांचा दंड धरला. "आबा, गप ऱ्हावा. टेंपो बागंत लागलाय. वरीसभराची मेहनत हाय."

हंबीररावांनी त्याचा हात झिडकारला. कवायतीच्या मैदानावर गरजणारा त्यांचा आवाज आज चिरकला.

"खाऊ नगा कुनी! ठिवा खाली!"

हरणाबाईचा हात ओठांशीच थबकला. तिच्या डोळ्यांत जुनाच अपमान तरळला.

"का वं आबा? आमच्या हातानं देव बाटला व्हय?"

"न्हाई गं लेकी. औषिद उतरलंय त्यात. परदेशातल्या लोकांनी नगं म्हनलं."

हरणाबाईने घड खाली ठेवला. तिची नजर सावकाश फिरली. लोकांच्या पदरांच्या गाठींवरून शेवटी पल्लवीच्या मुठीवर येऊन स्थिरावली.

"वैनी, तुमास्नी ठावं हुतं?"

पल्लवीची मूठ उघडली. मणी अखंड होते, घामाने ओले झालेले.

"आत्याबाईंनी सांगितलं हुतं, बागंतलं खाऊ नगंस," ती पुटपुटली. शालूबाईंनी मान फिरवली.

खाली रस्त्यावर टेंपोचा घरघराट ऐकू आला. देवळातली गोष्ट कोणीतरी फोनवरून बागेतल्या व्यापाऱ्यापर्यंत पोचवली होती. रिकामा टेंपो पलूसच्या दिशेने धुक्यात दिसेनासा झाला. जयराज पायरीवर डोके धरून बसला. हंबीररावांना त्याच्याकडे पाहवेना, आणि देवाकडेही.

"आबा," हरणाबाईने दोन्ही हात आपल्या पोटावर ठेवले, "आन् गिळल्यालं?"

भैरोबाच्या गळ्यातल्या घडावर एक मधमाशी येऊन बसली.