वाढत्या अंगाचं धनुष्य

मुरलीधरांनी डावा हात ताठ केला, उजव्या हाताच्या तीन बोटांत दोरी धरली आणि डोळे मिटून ओढली. फारसा जोर न लावता दोरी हनुवटीला टेकली. रॅकवर मांडलेल्या क्रिकेटच्या बॅटींसमोर, अंगात ऑफिसचा सफारी, असे ते क्षणभर तसेच उभे राहिले.

“डोळे कशाला मिटलेत?” शेजारी उभा असलेला विलास म्हणाला. “नेम धरायचाय, ध्यान नाही लावायचं.”

“खाली मत छोड़िए, भाईसाब,” दुकानदार घाईनं म्हणाला. “बिना तीर के छोड़ा तो टूट जाएगा.”

मुरलीधरांनी दोरी हळूहळू परत नेली आणि धनुष्य काउंटरवर ठेवलं. हे त्यांना नवीनच होतं. रिकामं सोडायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही, ओल लागू द्यायची नाही. तान्ह्या मुलापेक्षा नाजूक वस्तू, आणि हिच्या जोरावर म्हणे लंका जिंकली.

विलास त्यांच्याच सेक्शनमधला. दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ऑफिसातून दोघं लंच टाइमला चालत निघाले होते, ते थेट या दुकानात. आजच घ्यायला हवं होतं. उद्यापासून पितृपक्ष, मग पंधरा दिवस नवी वस्तू घरात यायची नाही. आणि दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी उल्काच्या शाळेत चाचणी. तिथं धनुर्विद्या शिकवणाऱ्या चड्ढा मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं की ज्याच्याकडे स्वतःचं धनुष्य असेल आणि ज्याला ते नीट ओढता येईल, तोच धनुर्विद्येच्या बॅचमध्ये राहील. बाकीच्यांनी पुढच्या वर्षी यावं.

उल्का ही मुरलीधरांची एकुलती एक. सातवीत होती. नाच शिकायला घातलं, तो तिनं तीन महिन्यांत सोडला. कीबोर्ड आणला, तो पलंगाखाली गेला. आईबापांनी सुचवायचं आणि तिनं मान हलवायची, असंच आजवर चालत आलेलं. महिन्यापूर्वी मात्र ती आपण होऊन म्हणाली होती, “बाबा, मला धनुष्य हवंय.” एकही हिंदी शब्द न घालता सबंध मराठी वाक्य. मुरलीधरांना त्या वाक्यानंच निम्मं जिंकलं होतं. याआधी तिनं काही मागितल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

पण घ्यायचं कुठलं? दुकानदारानं खोक्यातून एक चकचकीत फायबरचं काढलं, “बाहर का माल है, अब तो सब आ रहा है,” म्हणाला, आणि किंमत ऐकून मुरलीधरांनी ते स्वतःच्या हातानं खोक्यात परत ठेवलं. मग राहिली बांबूची, आपली देशी. त्यांच्या आतल्या बाजूला, पोटावर, खडूनं आकडे लिहिलेले. एकावर अठरा, एकावर अठ्ठावीस. मुरलीधरांनी दोन्ही तळहातांवर तोलून पाहिली.

“वजन तर सारखंच आहे.”

“वजन नहीं जी, ताक़त है. खींचने की,” दुकानदार म्हणाला. “बच्ची कितना खींच लेती है?”

मुरलीधरांनी विलासकडे पाहिलं. उल्का किती पोळ्या खाते हे त्यांना ठाऊक होतं. थंडीत तिचा कुठला कान दुखतो तेही ठाऊक होतं. हे नव्हतं ठाऊक.

“बारह साल की है.”

“दुबली है?”

“ठीक है,” मुरलीधर म्हणाले. परक्या माणसासमोर आपल्या मुलीला काडी कोण म्हणणार?

“तो अट्ठारह वाला लीजिए. हाँ, साल भर में छोटा पड़ जाएगा.”

झालं. या एका वाक्यानं निकाल लागला. छोटं पडणारी वस्तू मुरलीधरांच्या घरात आजवर आली नव्हती. उल्काच्या फ्रॉकला चार बोटं दुमड, स्वेटरच्या बाह्या मनगटावर वळवलेल्या, बुटांच्या पुढच्या टोकात कापसाचा बोळा. मूल वाढतं, वस्तू वाढत नाही. म्हणून घ्यायचं ते वाढत्या अंगाचं. त्यांच्या वडिलांनी त्यांच्यासाठी तसंच घेतलं होतं. त्यांनी अठ्ठावीसवर हात ठेवला.

“अहो, बुटात कापूस घालता येतो,” विलास म्हणाला. “धनुष्यात काय घालणार?”

“सराव.”

“वा. नावानं मुरलीधर असून हातात धनुष्य घेताय, आता देवच काय ते बघेल.”

दुकानदारानं दोरी उतरवली तसं धनुष्य सरळ झालं, साध्या काठीसारखं. कागदात गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, “काम हुआ कि डोरी उतार देना. चढ़ी छोड़ दी तो जान निकल जाएगी इसकी.”

मुरलीधरांनी मान हलवली. इतकं काही सांगितलं गेलं होतं की यातलं लक्षात काय ठेवायचं, हेच त्यांना कळेनासं झालं होतं.

दिल्लीच्या टोकाला नव्यानं वसलेल्या द्वारकेतल्या त्यांच्या सोसायटीत अजून निम्मे फ्लॅट रिकामेच होते. पाणी टँकरनं यायचं आणि जुनी माणसं त्या भागाला अजून पप्पनकलांच म्हणायची. मुरलीधरांना मात्र नवं नाव फार आवडे. पत्ता सांगताना ते द्वारका या शब्दावर किंचित थांबत, जणू पलीकडे समुद्रच आहे.

उल्कानं कागद फाडला, मूठ धरली, आणि धनुष्य घेऊन गच्चीवर पळाली. बऱ्याच वेळानं खाली आली.

“कसं आहे?”

“मस्त आहे, बाबा.”

“जड नाही ना जात?”

“नाही. मस्त आहे.”

पंधरा दिवस ती रोज संध्याकाळी गच्चीवर जाई. मुरलीधर खाली बसून कान देत. कीर्तनात ऐकलेला टणत्कार त्यांच्या मनात घुमत असे. वरून मात्र काहीच ऐकू येत नसे. नेम धरायला वेळ लागत असेल, असं ते स्वतःला समजावत. एकदा जेवताना त्यांच्या बायकोनं, गिरिजानं, मुलीचा उजवा हात उलटा करून दिव्याखाली धरला. बोटांच्या पेरांवर लाल वळ होते.

“अहो, हात बघा हिचा.”

“सवय होईल,” मुरलीधर म्हणाले. उल्कानं हात काढून घेतला आणि वरणात भात कालवू लागली.

घटस्थापनेच्या आदल्या रविवारी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये कीर्तन होतं. मुरलीधरांचा जीव कीर्तनात. पेटीचा सूर लागला आणि बुवांनी चिपळ्या उचलल्या की आठवडाभराच्या फायली त्यांच्या अंगावरून गळून पडत. त्या दिवशी आख्यान रामाचं. पूर्वरंग संपवून बुवा मध्यावर आले, थांबले, आणि हलक्या आवाजात म्हणाले, “सगळ्या मूर्ती बघा, सगळ्या तसबिरी बघा. माझ्या रामरायाच्या धनुष्याची दोरी कधी उतरलेली दिसली का हो तुम्हाला? नाही दिसायची. भक्ताची हाक कुठल्या घटकेला येईल, काय सांगावं?” मृदंग वाजला. मुरलीधरांनी उपरण्यानं डोळे टिपले. शेजारी उल्का भिंतीला टेकून बसली होती. एरवी ती झोपलेली असे. त्या दिवशी जागी होती.

घट बसला त्या सकाळी मुरलीधरांनी सोवळ्यानं धनुष्य आणलं. नवमीला शस्त्रांची पूजा करायचीच. मग हे पहिल्या दिवसापासूनच देवीजवळ का बसू नये?

“आणि सराव?” गिरिजा म्हणाली. “देव एकदा घटी बसले की दसऱ्यापर्यंत तिथली वस्तू हलवायची नाही. लागूनच तिची परीक्षा आहे.”

“चालेल, आई,” उल्का म्हणाली.

मुरलीधरांनी हातातल्या सरळ काठीकडे पाहिलं. आता दोरी चढवायची की नाही? दुकानदार म्हणाला होता उतरवा. बुवा म्हणाले होते कधी उतरत नाही. दुकानदार धंद्याचं बोलला, बुवा देवाचं बोलले. पण वस्तू तर एकच होती. पाटाशी उभं राहून त्यांनी एकदा घटाकडे, एकदा काठीकडे पाहिलं.

“उल्का, दोरी चढवून ठेवायची का गं?”

उल्का घटाशेजारी बसली होती. तिनं धनुष्याकडे पाहिलं, मग नंदादीपाकडे.

“बुवा काय म्हणाले होते?”

“म्हणाले, कधी उतरत नाही.”

“मग चढवूनच ठेवा ना, बाबा. देवाजवळच तर आहे.”

मुरलीधरांना भरून आलं. दिल्लीत वाढलेल्या या पोरीला परवापर्यंत पळी आणि पंचपात्रातला फरक सांगावा लागे. त्यांनी गुडघ्याचा आधार घेऊन दोरी चढवली, कमानीला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि नंदादीपाच्या उजेडात ते घटाशेजारी उभं केलं.

ते नऊ दिवस घरात काहीतरी वेगळंच झालं. उल्का न सांगता आरतीला येई. टाळ्या वाजवी, आणि सगळ्यांचा नमस्कार आटोपला तरी तिचे हात जोडलेलेच राहत. मात्र डोळे मिटलेले नसत. मुरलीधरांनी हे सबंध सेक्शनला सांगितलं.

“धनुष्यानं मुलगी देवाला लागली,” ते विलासला म्हणाले.

“अच्छा. आणि नेमाला?” विलासनं विचारलं.

दसऱ्याला देव उठले. दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी, मुरलीधर मुलीला घेऊन शाळेच्या मैदानावर गेले. रात्री कुठंतरी जळालेल्या रावणाचा धूर अजून हवेत होता. उल्काच्या आधी एक मुलगी ओढता ओढता थांबली आणि रडवेली होऊन बाजूला झाली. तेव्हा पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं, की आपण उल्काला पूर्ण दोरी ओढताना एकदाही पाहिलेलं नाही.

उल्का रेषेवर उभी राहिली. डावा हात ताठ केला. दोरी ओढताना तिचा खांदा थरथरला. मुरलीधरांनी नकळत रामनाम घेतलं. दोरी आली, आणखी आली, आणि हनुवटीला टेकली. बाण गेला तो गवताच्या निशाणात, बाहेरच्या कडेला का होईना, रुतला. दुसरा आत. तिसरा त्याच्याजवळ.

मुरलीधरांनी उपरणं शोधायला खांद्यावर हात नेला. आज ते नव्हतं.

चड्ढा मॅडम पुढे आल्या. त्यांनी उल्काच्या हातून धनुष्य घेतलं, एकदा ओढून पाहिलं, पोटावरचा खडूचा आकडा पाहिला, पुन्हा ओढलं. कमानीवरची हळद त्यांच्या बोटांना लागली.

“यह अट्ठाईस का है? यह तो ढीला पड़ गया. डोरी चढ़ी रखी थी क्या?”

“जी,” मुरलीधर म्हणाले. “नवरात्र में. पूजा में था. मैंने ही रखी.”

“लगातार?” मॅडमनी कपाळाला हात लावला. “पहले जैसा होता, तो इसके हाथ से हिलता भी नहीं. लेकिन ऐसे भी कोई...” मग त्या उल्काकडे वळल्या. “और तू? डोरी उतारने वाला नियम क्लास में सबसे पहले तूने ही सुनाया था ना मुझे?”

उल्का आपल्या कॅनव्हासच्या बुटांकडे बघत होती. मुरलीधरांनीही तिकडे पाहिलं. बुटांची पुढची टोकं रिकामी, वर वळलेली होती. उजव्याचा टाका उसवला होता आणि तिथून कापसाचा मळका धागा बाहेर आला होता.

“तो क्या यह बाहर हो गई, मॅडम?” त्यांनी विचारलं.

“बाहर क्यों? खींच रही है, निशाना भी ठीक है,” मॅडम म्हणाल्या. “धनुष बिगड़ गया और बच्ची बन गई. मैं क्या कहूँ.” आणि त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

परतताना दोघं अर्धवट बांधलेल्या सोसायट्यांच्या कडेनं चालत होते. एका विटांच्या ढिगाशी उल्का थांबली. तिनं धनुष्याचं एक टोक बुटाला टेकवलं, कमान वाकवली आणि दोरीचा फास अलगद उतरवला. मुरलीधरांनी पाहिलं की हे तिला अगदी सराईतपणे येत होतं. धनुष्य आता पूर्वीसारखं सरळ झालं नाही. दोरीविनाही ते थोडं वाकलेलंच राहिलं.

“बाबा, रागावलात?”

“नाही.”

ते खरंच रागावले नव्हते. पण मग काय झालं होतं, तेही त्यांना सांगता आलं नसतं. नऊ संध्याकाळी जोडलेले ते हात त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेनात. ती काय मागत होती? आणि कुणाजवळ? विचारावंसं वाटलं, पण देवीपाशी मागितलेलं विचारू नये, असं त्यांची आई सांगायची. त्यांनी नुसतंच धनुष्य तिच्या हातून घेतलं आणि आपल्या खांद्यावर टाकलं.

बरंच चालून झाल्यावर ते म्हणाले, “पुढच्या रविवारी तूही चल बाजारात.”

“कशाला? धनुष्य तर आहे ना.”

“बूट घ्यायला.”

उल्कानं खाली पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“पण हे तर अजून मोठेच आहेत, बाबा.”

“म्हणूनच,” मुरलीधर म्हणाले.