साध्या पाण्याची पिलं

सुमनताईंना एकच गोष्ट कधी जमली नाही, ती म्हणजे वाढताना हात आखडणं. चाकणच्या कारखान्यांलगतच्या महाळुंग्यात कुणाचंही लग्न असो, बाई बुंदीचं भांडं घेऊन पंगतीत हजर. सोयरा असो नाहीतर कंपनीतला हेल्पर, दोघांच्या पत्रावळीत सारखंच पडणार. आता अशा बाईच्या हाती शुभदानं आपला प्रयोग सोपवला, घोळ झाला तो तिथंच.

शुभदा सुमनताईंच्या ओळखीतली, भोसरीजवळच्या संत तुकाराम नगरची. कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवायची आणि पीएचडी करायची. सुमनताईंची कोंबडीची पिलं दरवर्षी हगवणीला लागायची, दुकानातून आणलेली अँटिबायोटिकची पावडर पाण्यात टाकली की बरी व्हायची. गेल्या साली मात्र पावडर टाकूनही तीस पिलं गेली. जंतू पावडरीला सरावलेत, असं शुभदानं सांगितलं. तिनं पेरूच्या पानांचा अर्क काढला होता, त्यापायी तीन वर्षं घासली होती. काचेच्या बशीत तो जंतू मारत होता. पिलांच्या पोटातही मारतो का, तेवढं बघायचं राहिलं होतं.

मग सुमनताईंच्या घरामागच्या शेडमध्ये, शेजारच्या कंपनीच्या भिंतीलगत, मधोमध जाळी लागली. इकडं वीस पिलं, तिकडं वीस. इकडच्यांच्या पाण्यात अर्क, तिकडच्यांना तुलनेसाठी साधं पाणी. एखादं फारच आजारी पडलं तर बाहेर काढून डॉक्टरांना दाखवायचं. शुभदा दर रविवारी भोसरीहून बस आणि चाकणहून शेअर रिक्षा करत यायची, आठवड्याचा अर्क मोजून ठेवायची आणि जाताना बजावायची, की ताई, तिकडं अर्क जाऊ देऊ नका. सुमनताई मान डोलवायच्या.

चार दिवस त्यांनी इमानानं पाळलं. पाचव्या दिवशी तिकडची दोन पिलं पंख पाडून कोपऱ्यात बसली, आणि बाकीची जाळीला चोच लावून इकडच्या पाण्याकडं बघत राहिली. एकाच छपराखाली एकाला औषध आणि दुसऱ्याला नुसतं पाणी, हे कसलं शिक्षण म्हणायचं? सुमनताईंनी इकडचा निम्मा अर्क तिकडच्या भांड्यात ओतला. मग काय, रोजच ओतला.

सहा आठवडे सरले. शेवटच्या रविवारी शुभदानं पिलं मोजली, वजनं घेतली आणि वही उघडून बसली. इकडची दोन मेली होती, तिकडचीही दोनच. वजनंही जवळपास सारखी. चाळिसातली छत्तीस वाचली म्हणून सुमनताई खुशीत चहा घेऊन आल्या. शुभदानं कप बाजूला सारला. अर्क काही कामाचा नाही, म्हणाली. प्यालेली आणि न प्यालेली सारखीच राहिली, मग अर्कानं केलं काय? उद्या गाइड सरांना तसं लिहून द्यायचं आणि विषय बंद करायचा.

पोरीची तीन वर्षं आपण मातीत घातली, हे सुमनताईंना तेव्हा उमगलं. गप्प राहिल्या असत्या तर कुणाला पत्ता लागला नसता. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"लिहू नगं," त्या म्हणाल्या. "तिकडची पिलं बी त्येच प्याली हायती. म्या दिलं. माझा जीव ऱ्हाईना."

शुभदानं सगळ्या आकड्यांवर एक तिरकी रेघ मारली. म्हणाली, पुन्हा चाळीस पिलं आणू, पुन्हा सहा आठवडे. फक्त या वेळी पाणी मी घालणार, रोज कॉलेज सुटल्यावर येऊन. तुम्ही शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. सुमनताईंनी पुन्हा मान डोलवली.

महिन्याभरानं नवी पिलं आली. पुन्हा जाळीच्या दोन बाजूंना वीस-वीस. शुभदा ठरल्याप्रमाणे रोज यायची आणि सुमनताई दाराशी उभ्या राहून बघायच्या. आठव्या दिवशी तिकडचं एक पिल्लू पंख पाडून बसलं. शुभदा साध्या पाण्याचा जग घेऊन वाकली, तसं ते धडपडत उठलं आणि तिच्या मनगटाला टेकलं. तिचा हात तिथंच थांबला. अर्काचा कॅन हातभरावर होता. तिची नजर कॅनकडं गेली, परत पिलाकडं आली, परत कॅनकडं गेली. सुमनताईंनी ती नजर लगेच ओळखली.

त्या आत गेल्या.

"आण हिकडं," त्या म्हणाल्या. "तू भायेर हो, पोरी. तुझ्यानं व्हायचं न्हाई."

शुभदाच्या हातातून जग घेऊन त्यांनी साधं पाणी भांड्यात काठोकाठ ओतलं. एक थेंबही बाहेर सांडला नाही. पिल्लू पाणी पिऊ लागलं. उभ्या जन्मात सुमनताईंनी पंगतीत पहिल्यांदाच दुजाभाव केला होता, आणि तोही अगदी नीट केला. मग त्या अंगणातल्या नळाशी गेल्या आणि शुभदानं हाक मारेपर्यंत हात धूत राहिल्या.