पाटी, एकशेचाळीस मीटर

शपथेवर सांगते, मित्रांनो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं बोलले तर माझे तुकडे होवोत. तसे बरेच झालेत, पण ते वेगळ्या कारणानं.

मी एक जुनी कपची आहे. दगडाची, मुठीएवढी, राखाडी. वय विचारू नका. बायकांचं आणि दगडांचं वय विचारू नये, आणि मी सांगितलं तरी तुमच्या वहीच्या ओळीत तेवढी शून्यं मावायची नाहीत. माझा जन्म एका संथ पाण्याच्या तळाशी झाला. वरून चिखल यायचा, पिठासारखा बारीक, आणि एकावर एक थर बसायचे. त्या चिखलात केवढाली जनावरं फिरायला यायची! एकाचा पाय थेट माझ्या नाकावर पडला, म्हणून मी अशी नकटी. हसू नका. मग माझ्यावर आणखी गाळ, त्यावर आणखी गाळ. असं डोईवरचं ओझं वाढत गेलं, अंगातलं पाणी पिळून निघालं, आणि चिखलाची मी दगड झाले.

आम्हा दगडांत तीन घराणी. पहिलं आगीचं. पृथ्वीच्या पोटात वितळलेला रस असतो, तो निवून हे लोक होतात. बाहेर उसळून झटकन निवला तर काळा बेसॉल्ट. त्याचे कण इतके बारीक, की डोळे फाडून बघा, दिसायचे नाहीत. आतल्या आत, सावकाश निवला तर ग्रॅनाइट, मिठाच्या खड्यांएवढे त्याचे दाणे. फार तोऱ्यात असतात दोघंही. दुसरं आमचं, गाळाचं. वाळू दाबली गेली की वाळूचा खडक, शिंपल्यांचा चुरा साठला की चुनखडक, आणि साधा चिखल दाबला गेला की शेल. शेल म्हणजे मी. तिसरं घराणं सोसलेल्यांचं. जन्मले आगीत किंवा गाळात, पण पुढे जमिनीखाली एवढी उष्णता आणि एवढा दाब सोसला, की कायाच पालटली. चुनखडकाचा संगमरवर झाला. आणि माझ्यासारख्या शेलचा झाला पाटीचा दगड. पूर्वी शाळेतली काळी पाटी करायचे ना, तोच.

म्हणजे पाटीचा दगड माझी सख्खी बहीणच, पण भट्टीतून निघालेली. दिसायला आम्ही एकसारख्या. फरक असा, की तिला ठोकलं तर टण्ण वाजते, मला ठोकलं तर ठप्प. तिला पाण्यात बुडवा, ढिम्म हलणार नाही. मला पाणी लागलं की मी पुन्हा चिखल. माहेरची ओढ, दुसरं काय!

एवढं नीट लक्षात ठेवा. पुढे एका माणसाचा जीव याच फरकावर लटकला होता.

तर मी एका डोंगराच्या पोटात सुखानं पडले होते. माणसांना त्या डोंगरातून बोगदा काढायचा होता. आधी आत काय आहे ते बघायला त्यांनी आडवं भोक पाडलं. पाडणारा म्हातारा होता. त्याला सगळे गिरमिटकाका म्हणत, कारण जन्मभर भोकंच पाडली होती त्यानं. तो स्वतः म्हणायचा, माझ्या खिशालासुद्धा भोक मीच पाडलं. भोकातून दगडाचा गोल लांब दांडा निघतो, तो लाकडी पेटीत मापानं मांडून ठेवायचा, अशी रीत. पण तोंडापासून एकशेचाळीस मीटरवर आला तेव्हा दांडा निघालाच नाही. निघाले आम्ही. चुरा, भुगा आणि त्यात एक धड कपची. काकांनी आम्हाला मजुरांच्या माती वाहायच्या पाटीत भरलं आणि चिठ्ठीवर लिहिलं: पाटी, एकशेचाळीस मीटर.

चिठ्ठी ऑफिसात गेली. तिथला कारकून अक्षराचा मोठा नेटका, मोत्यासारखं लिहायचा. त्यानं चिठ्ठी वाचली, काकांना शुद्ध लिहिता येत नाही असं मनाशी म्हटलं आणि वहीत सुधारून लिहिलं: पाटीचा दगड, एकशेचाळीस मीटर. चुरा बाहेर फेकून दिला. मला ठेवलं.

दगड तपासायला एक बाई होत्या. हुशार, कामाला वाघ. पण त्या दिवशी त्यांच्यापुढे सत्तर पेट्या. महिनाभर खिडकीत उन्हात वाळून मी खडखडीत झाले होते. बाईंनी वही वाचली, मग मला ठोकलं. मी ठप्प वाजले हो, आईशप्पथ ठप्पच वाजले. पण कानाआधी डोळ्यांनी पाटीचा दगड वाचला होता, तर कानांनाही तेच ऐकू आलं. एक थेंब पाणी टाकायला किती वेळ लागतो? बाईंनी सही केली.

सही झाली आणि हुकूम सुटला. तिथला दगड पक्का आहे, छताला आधाराच्या लोखंडी कमानी नकोत, नुसते खडकात लांब खिळे ठोकून पुढे चला.

माझं काम संपलं. ऑफिसचं दार वाऱ्यानं आपटायचं, म्हणून मला दाराशी टेकण लावलं. कोट्यवधी वर्षांची मी, आणि माझी कामगिरी काय, तर दार अडवणं. येणारा-जाणारा पायानं सरकवायचा. चार महिने तिथे पडून होते. रोज सकाळी सफाईवाली मावशी फरशी पुसायची आणि रोज माझ्या नावानं बोटं मोडायची. शेवटी एक दिवस ती बाईंसमोर पोछा धरून उभीच राहिली.

"बाई, तुमचा हा दगड बदला. मी पुसते आणि हा चिखल करतो. असला रडका दगड उभ्या जन्मात बघितला नाही मी."

बाई आधी हसल्या. मग वाकून बघितलं. माझ्या बुडाशी राखाडी लगदा झाला होता. त्यांनी माझा एक टवका काढून पाण्याच्या ग्लासात टाकला. टवका फुगला, उलला आणि बघता बघता तळाशी गाळ होऊन बसला. बाईंनी जुनी चिठ्ठी शोधून काढली आणि गिरमिटकाकांना बोलावून घेतलं.

"काका, इथे पाटी लिहिलंय. पाटी म्हणजे?"

"पाटी म्हणजे पाटी. दांडा आला नाही, चुरा आला. तो पाटीत भरून पाठवला."

"टोपली?"

"मग काय डोक्यावर शाळेची पाटी घेऊन माती वाहतात होय?"

कारकुनानं वहीतली ती ओळ शोधून काढली. बाईंनी फक्त विचारलं, आज काम कुठे चाललंय. काका म्हणाले, एकशेबेचाळीसला. आणि मग त्यांनाच त्याचा अर्थ लागला, कारण त्या पाळीला आत त्यांचा धाकटा भाऊ होता. आईमागे काकांनीच वाढवलेला. अख्खी वस्ती त्याला धाकटा म्हणायची आणि त्याच्या बायकोला धाकटी.

बाईंनी मला मुठीत घेतलं आणि दोघं धावत सुटले. मी सगळं बघितलं ते त्या मुठीतून. घामानंसुद्धा मी सुटत होते.

बोगद्याच्या तोंडाशी मुकादम उभा. माणूस वाईट नव्हता. मागे एकदा कुणाच्या तोंडी शब्दावर काम थांबवलं म्हणून त्यानं वरच्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. दुधानं पोळलेला. तो म्हणाला, वहीत पक्का दगड आहे, खाली तुमचीच सही आहे, आता मोडायची तर तेही लेखी द्या. बाईंनी कागद घेतला. मुकादमाच्याच पाठीवर ठेवून लिहायला लागल्या. काका थांबले नाहीत. ते ओरडत आत गेले.

माणसं बाहेर यायला लागली. एक, दोन, चार. कुरकुरत, डोक्यावरची टोपी काढत. काय झालं म्हणून विचारत होती. पाच, सहा. सातवा धाकटा, तो अजून आतच होता. तो सर्वांत पुढे, यंत्रावर. यंत्र पाणी मारत दगड कापतं, आणि त्याचा आवाज एवढा, की तो कानात कापसाचे बोळे घालायचा. त्याची पाठ बाहेरच्या बाजूला होती. काका हाका मारत शंभर मीटर गेले, एकशेवीस गेले. धाकट्याला ऐकू गेलं नाही. वर माझी भावंडं त्या पाण्यानं चार दिवस भिजत होती. ती सुटली.

बाईंच्या कागदावर सही तेवढी राहिली होती.

काकांना ओढून बाहेर काढलं. त्यांच्या तोंडावर, केसांत, सगळीकडे राखाडी चिखल. माझंच रक्तमांस ते. धाकट्याला दुसऱ्या दिवशी दुपारी काढलं. एका क्षणात गेला तो, त्याला काही कळलंसुद्धा नाही. धाकटी आली तेव्हा काकांनी तिला तेच सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, आणि खाली बसली.

मग चौकशी झाली. एका टेबलाभोवती सगळे, मधोमध मी. काकांनी पाटी का लिहिलं? कारकुनानं पुढे शब्द का जोडला? बाईंनी पाणी का टाकलं नाही? मुकादमानं कागद का मागितला? प्रत्येकाचं बोट शेजाऱ्याकडे. बाईंचं तेवढं स्वतःकडे. त्या म्हणाल्या, सही माझी आहे. त्यांचं काम गेलं. काकांनी गिरमिट खाली ठेवलं ते पुन्हा उचललं नाही.

जाताना बाईंनी मला एका बरणीत घातलं, शेजारी ओल शोषायला चुन्याची पुडी, आणि वर लिहिलं: शेल. गाळाचा खडक. पाण्यात सुटतो. आता मी एका शाळेच्या कपाटात असते. ग्रॅनाइट, संगमरवर, बेसॉल्ट एका रांगेत. खरी पाटीसुद्धा शेजारी आहे. आम्ही फारसं बोलत नाही. मुलं येतात, चकचकीत दगडांकडे बोट दाखवतात, माझ्याकडे कुणी बघत नाही. परवा एकानं तर बरणीचं झाकण अर्धवट लावलं. मित्रांनो, झाकण घट्ट लावत जा. आणि दगडाला नाव देताना, किंवा कुणालाही नाव देताना, आधी वहीत काय लिहिलंय ते बघू नका. हातात घ्या, ठोका, हुंगा, थेंबभर पाणी टाका. मी ठप्प वाजले होते. ऐकायला कुणीतरी हवं होतं.

बाकी सगळं खरं सांगितलं. नाकावर पाय पडला होता, तेही खरं. एकच गोष्ट मी रचली. म्हणजे काकांनी रचली आणि मी तशीच पुढे दिली. धाकटा क्षणात गेला नाही. आतून दगडावर हातोडी वाजत होती. तीनदा, मग थांबून तीनदा. बाई चिखलाला कान लावून बसल्या होत्या आणि मी त्यांच्या मुठीत होते. दिवस मावळेपर्यंत वाजली.

धाकटी कधी भेटली, तर तिला मात्र मी आधी सांगितलं तेच सांगा.